दोन इंची रबराची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. पण घरातली पोरं सायकलवर शाळेला जात असतील तर शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

मागच्या आठवड्यात पुलाच्या उतारावर एक मुलगी सायकलवरून पडली. आठवी-नववीतली असेल. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तिने ब्रेक दाबला, सायकल थांबेना, म्हणून दोन्ही पाय खाली टेकवले आणि चपला घासत गेली. शेवटी कठड्याला धडकली. गुडघा आणि कोपर सोलवटलं, बाकी नशिबाने काही नाही. गर्दी जमली. आधी ट्रॅक्टरवाल्याला शिव्या दिल्या, मग रस्त्याला, मग नगरपालिकेला. मी सायकल उचलून बाजूला घेतली आणि सहज ब्रेक दाबून बघितला. मूठ थेट हँडलला टेकली. पुढच्या ब्रेकला रबरच नव्हतं, नुसती लोखंडी डबी रिमवर घासत होती. मागचं रबर झिजून पापडासारखं झालेलं.

बातमी झाली नाही. ‘किरकोळ जखमी’ला आमच्या पानात जागा नसते. म्हणून इथे लिहितोय.

त्या मुलीने पाय टेकवून सायकल थांबवायचा प्रयत्न केला, तो ब्रेकचा सगळ्यात जुना प्रकार. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने दोन चाकांचं लाकडी यंत्र रस्त्यावर आणलं. त्याला पायडल नव्हतं. पायांनी जमीन ढकलत पुढे जायचं आणि थांबायलाही पाय टेकवता यायचे. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पायडल असलेल्या सायकली निघायला लागल्या. त्यांच्यात हँडलची मूठ पिळली की दोरी ताणली जायची आणि चाकावर एक चमचासारखी पट्टी दाबली जायची. लोखंडी धावेवर लोखंडी पट्टी. किती थांबत असेल, कल्पना करा.

मग आल्या उंच चाकाच्या सायकली. पुढचं चाक माणसाच्या छातीइतकं, मागचं एवढंसं. त्यावर जोरात ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडून तोंडावर. म्हणजे ब्रेक लागला नाही तरी मरण आणि लागला तरी मरण. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन अशी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली, तेव्हा हे थांबलं. आपल्या दारातली सायकल तिचीच नात.

आता १८८८ हे साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्ही कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत घडल्या नाहीत.

पहिली आयर्लंडमधल्या बेलफास्टची. जॉन बॉइड डनलॉप हे जनावरांचे डॉक्टर. पोराची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळते म्हणून त्यांनी तिच्या चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली. १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपण ज्याला ट्यूब-टायर म्हणतो ते असं घरच्या अंगणात सुरू झालं. पण त्यामुळे ब्रेकचं कोडं नव्याने उभं राहिलं. टायरवर दाबणारी ती जुनी चमचापट्टी हवेच्या टायरला खाऊन टाकायला लागली. म्हणून ब्रेक टायरवरून हलवून लोखंडी रिमवर आणावा लागला, आणि रिमवर दाबायला मऊ पण चिवट असं रबर लागलं. हेच आपलं दोन इंची रबर.

दुसरी गोष्ट बर्था बेंझ यांची. नवऱ्याने, कार्ल बेंझने, मोटार बनवली होती पण ती विकली जात नव्हती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी बर्था दोन्ही मुलग्यांना घेऊन, नवऱ्याला न सांगता मोटार बाहेर काढून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनने साफ केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा वाटेतल्या एका गावात चांभाराकडे गेल्या आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात म्हणून हाच प्रसंग सांगितला जातो. माहेरी निघालेली बाई आणि गावचा चांभार! आजही गॅरेजमध्ये ‘लायनर बदलायचे’ म्हणतात, त्या लायनरची ही पणजी.

यानंतर नऊ वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड या माणसाने ब्रेकच्या लायनिंगचा धंदा सुरू केला. डोंगराळ भाग. उतारावरून जाणारे गाडीवान चाकाच्या ब्रेकवर जुन्या बुटाचं चामडं लावतात, हे त्याने पाहिलं होतं. त्यावरून त्याने जास्त टिकणारं लायनिंग बनवलं. त्याच्या आडनावातली अक्षरं फिरवून ‘फेरोडो’ हे नाव झालं. पुढे कापसाचं लायनिंग तापून जळायचं म्हणून १९०८ च्या सुमारास त्यात ॲस्बेस्टॉस आलं. हा शब्द इथे फक्त टिपून ठेवा, शेवटाकडे परत येतो.

तार राहिलीच. १८९६ मध्ये अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी नळीतून सरकणाऱ्या तारेचं पेटंट घेतलं. बुलेटपासून स्कूटीपर्यंत जी क्लचची आणि ब्रेकची केबल आपण बदलतो, ती ही. आपल्याकडच्या काळ्या उंच सायकलीला मात्र अनेक वर्षं तार नव्हती, सळया होत्या. मूठ दाबली की सळई वर ओढली जायची, तिच्या खालची नालेसारखी कमान वर यायची आणि कमानीची दोन रबरं रिमला आतून, म्हणजे आऱ्यांच्या बाजूने, टेकायची. सळई गंजायची, वाकायची, पण तुटायची क्वचितच, आणि वाकली तर दगडावर ठेवून सरळ करता यायची. खेड्यात ही सायकल टिकली याचं ते एक मोठं कारण आहे. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, सोनीपतला ॲटलस, लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले आणि दूधवाला, पोस्टमन, मास्तर, पेपरवाला सगळे त्याच काळ्या सायकलवर आले.

पेपरवाल्यांत मीही होतो. १९९३, सातवीत होतो. पहाटे स्टँडवर गठ्ठे उतरायचे, साठ पेपर कॅरियरला बांधून गावभर टाकायचे. सायकल अण्णांची. सीटवर पाय पुरायचे नाहीत, म्हणून नळीवरूनच हाफ पायडल मारायचो. एकदा ब्रेकची रबरं संपली. मी अण्णांकडे दुकानात टाकायला पैसे मागितले. त्यांनी रबराच्या जोडीपुरतेच पैसे दिले आणि पाना हातात ठेवला. म्हणाले, “बसव तूच. तुला चालवायचीय ना?”

बसवलं. अर्ध्या तासात. फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुलाच्या त्याच उतारावर ब्रेक दाबला आणि पुढची दोन्ही रबरं डबीतून सटकून उडून गेली. मी पेपरांसकट धोबीघाटाच्या चिखलात. त्या दिवशी अर्ध्या गावाने ओला पेपर वाचला.

अण्णा रागावले नाहीत. मला घेऊन सायकल दुकानातल्या चाचांकडे गेले. चाचांनी डबी हातात घेतली आणि विचारलं, “बेटा, हिला दोन तोंडं आहेत. एक बंद, एक उघडं. चाक कुठल्या बाजूला पळतं?” मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ब्रेक दाबला की फिरणारी रिम रबराला आपल्याबरोबर पुढे ओढते. डबीचं बंद तोंड त्या बाजूला असेल तर रबर तिथे अडतं. उघडं तोंड त्या बाजूला असेल तर रबर बाहेर. मी उलटं बसवलं होतं. चाचांनी एक पैसा घेतला नाही, पण माझ्याकडूनच चारही रबरं परत बसवून घेतली.

चाचांचं दुकान आता नाही. तिथे मोबाईलचं दुकान आहे. तासावर भाड्याने सायकल देणारी तीन दुकानं होती, तीही गेली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. आपल्या घरांत मोटारसायकली आल्या, चांगलंच झालं. पण सायकल संपली नाही, ती फक्त बापाकडून मुलीकडे गेली. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. कितीतरी मुलींची शाळा त्या सायकलीमुळे टिकली, हे मी वार्तांकन करताना स्वतः पाहिलंय. सायकल देणं हे सरकारचं काम झालं. पण दोन वर्षांनी रबर झिजल्यावर ते बदलायचं कुणी? बापाच्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललं जातं. पोरीच्या सायकलचा ब्रेक कुणी दाबूनही बघत नाही. यात मीही आलो. परवा पुलावरून घरी आल्यावर पहिल्यांदा माझ्या मुलीची सायकल तपासली. मागचा ब्रेक लागत नव्हता. ती म्हणाली, “बाबा, चार महिने झाले, तुम्हाला सांगितलं होतं.”

तर मंडळी, घरच्या घरी करायचं ते एवढंच.

सायकल उलटी करा किंवा स्टँडवर लावा. रबरावरच्या रेघा, म्हणजे खाचा, दिसेनाशा झाल्या असतील तर रबर संपलं. नट सैल करा, जुनं काढा, ते दुकानात दाखवून तसंच नवं आणा. बसवताना बंद तोंड चाक फिरतं त्या दिशेला. तारेच्या ब्रेकवर दोन्ही रबरं रिमवरच टेकली पाहिजेत, टायरला लागली तर टायर फाटेल आणि रिमच्या खाली राहिली तर आऱ्यांत अडकतील. ब्रेक सोडलेला असताना रबर आणि रिममध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवा. नट घट्ट करा. तारेचे धागे सुटले असतील तर तार बदला, गाठ मारू नका. रिमला तेल लागू देऊ नका. लागलंच तर साबणाने धुवा. मग न बसता सायकल हाताने ढकला आणि ब्रेक दाबा. चाक फिरायचं थांबलं तरच पोरीला बसू द्या. आणि तिला सांगा, पावसात लोखंडी रिमवर ब्रेक फार उशिरा लागतो. उताराच्या आधीच हलका दाबून रिम पुसून घ्यायची.

गाडीचा ब्रेक मात्र येत नसेल तर घरी उघडू नका. आणि आता ते ॲस्बेस्टॉस. सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजार दिसायला अनेक वर्षं जातात. ब्रिटनने ते १९९९ मध्ये पूर्ण बंद केलं, युरोपियन युनियनने २००५ पासून. आपल्याकडे अजून आयात होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याची नोंद ४० वर्षं ठेवायला कारखान्यांना सांगितलं. पण स्टँडमागच्या गॅरेजमध्ये ड्रम उघडून त्यातली काळी धूळ तोंडाने फुंकणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराची नोंद कुठल्या वहीत आहे? कुठल्या लायनरमध्ये काय आहे हे बघून कळत नाही. म्हणून गॅरेजवाल्या मित्रांनो, फुंकू नका, हवेच्या पाइपनेही उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं फेकून द्या. लायनर घेताना ॲस्बेस्टॉस नसलेला मागा. सायकलच्या रबराला ही भीती नाही.

शेवटची गोष्ट. शाळांमध्ये कार्यानुभवाचा तास असतो. त्यातला एक तास मुला-मुलींना ब्रेकचं रबर बदलायला शिकवा, असं मी आपल्या गावातल्या तिन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटून सांगणार आहे. एका शाळेने शनिवारची वेळ दिलीसुद्धा. पाने माझ्याकडे आहेत, अण्णांचेच. रबरांच्या जोड्यांसाठी बाजारपेठेतल्या दोन दुकानदारांनी खरेदीच्या भावात द्यायचं कबूल केलंय. ज्यांना सायकल दुरुस्ती येते अशा जुन्या मंडळींनी शनिवारी सकाळी नऊ वाजता यावं. कमेंटमध्ये नुसतं ‘येतो’ लिहा, शाळेचं नाव मी कळवतो.

आणि आज संध्याकाळी दारातल्या सायकलचा ब्रेक एकदा दाबून बघा.

#सायकल #आपलंगाव #मुलींचीशाळा