लॅपटॉपची पत्रिका

१८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी नागपुरास पोहोचली, ती रुंद मापाच्या रुळांवरून. पुढे १८८२ पर्यंत नागपूर ते राजनांदगाव असा छत्तीसगडचा मार्ग तयार झाला, तो मात्र मीटर मापाचा. त्यामुळे छत्तीसगडातील धान्य नागपुरास आले की एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावे लागे. इंजिने दोन्हीकडची चांगली होती, रूळही भक्कम होते. फक्त चाकांमधील अंतर जुळत नव्हते. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग घेऊन रुंद मापाचा केला, तेव्हा ही हमाली संपली.

आज अनेक शाळांपुढे असाच प्रश्न आहे. विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. ती नसलेले, पण उत्तम चालणारे लॅपटॉप कपाटात जाण्याच्या मार्गावर आहेत. त्यांवर लिनक्ससारखी मुक्त-स्रोत प्रणाली घालावी, हा विचार योग्यच आहे. पण त्याआधी यंत्राची आणि प्रणालीची पत्रिका जुळवून पाहावी लागते. (एरवी आम्ही पत्रिकेवर विश्वास ठेवत नाही!)

प्रणाली आणि यंत्राचा प्रत्येक भाग यांच्यामध्ये एक दुभाषा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा छोटा कार्यक्रम नसेल तर वाय-फायची चिप जागेवर असूनही मुकी राहते. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ या दुभाष्यापासूनच सुरू झाली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की संबंधितांना संगणकावर सूचना जावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरसाठी केली होती. नव्या प्रिंटरच्या कार्यक्रमाची मूळ संहिता मात्र मिळेना. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागे हा अनुभवही होता.

लिनक्सची कथा तर एकाच यंत्राची आहे. हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपल्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी ती लिहिली. आपल्याजवळ आहे त्याच प्रकारची हार्ड डिस्क ती ओळखेल आणि इतर प्रकार बहुधा कधीच ओळखणार नाही, असे त्यांनी पहिल्याच निवेदनात सांगून टाकले होते. मग ज्याच्याकडे जे यंत्र, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहायचा, अशी प्रथा पडली. ज्या भागाची माहिती निर्मात्याने दडवली, तो भाग अर्थातच मागे राहिला.

नव्वदच्या दशकाअखेरचे स्वस्त मोडेम आठवतात का? त्यांतील बरेचसे काम चिपऐवजी विंडोजमधील सॉफ्टवेअर करी. किंमत त्यामुळेच कमी होती, आणि लिनक्सवर तो मोडेम म्हणजे नुसती पत्र्याची पट्टी! पुढे तोच खेळ वाय-फायच्या बाबतीत झाला. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांची माहिती उपलब्ध नव्हती, म्हणून २००५ च्या सुमारास स्वयंसेवकांनी एक युक्ती केली. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिपचे वर्तन लिहून काढायचे, आणि तो ड्रायव्हर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या टिपणांवरून नवा लिहायचा. म्हणजे नक्कल केल्याचा आरोप नको. २०१० मध्ये कंपनीने स्वतःच नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर दिला.

याच्या उलट प्रयोग महाराष्ट्रात झाला. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैरात-धनगरवाडा येथील छोट्या शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हाती एक्सओ नावाचे लॅपटॉप आले. येथे प्रणाली यंत्रावर बसवली नव्हती, तर यंत्रच लिनक्सवर चालण्यासाठी घडवले होते. तरीही त्यातील मार्व्हेल कंपनीच्या वाय-फाय चिपचे अंतर्गत सॉफ्टवेअर बंदिस्तच होते आणि त्यावरून मुक्त-सॉफ्टवेअरवाल्यांत बरीच वादावादी झाली. आम्हांला हे उदाहरण बोलके वाटते.

आता आपल्या कपाटातील लॅपटॉप. झाकणावरील मॉडेलच्या नावावर विसंबू नये, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या वाय-फाय चिपा निघतात. खरी ओळख आकड्यांत असते. १९९२ पासून आलेल्या पीसीआय पद्धतीत प्रत्येक भागाला निर्मात्याचा एक आणि भागाचा एक असे दोन क्रमांक असतात. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला. १९७८ च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरची ही आठवण! विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हे क्रमांक दिसतात. ते वहीत उतरवून प्रणालीच्या याद्यांशी ताडून पाहावेत. एखादा भाग लिनक्सवर चालतो म्हणून फ्रीबीएसडीवर चालेलच असे मात्र नाही. दोन्ही मुक्त असल्या तरी ड्रायव्हर वेगळे, परवान्यांच्या अटीही वेगळ्या. वाय-फायमध्ये फ्रीबीएसडी बराच काळ मागे राहिली.

याद्यांपेक्षा प्रत्यक्ष प्रयोग बरा. २००० साली क्लाऊस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स ही सीडीवरूनच चालणारी लिनक्स दिली, तेव्हापासून ही सोय रूढ झाली. आता पेनड्राइव्ह पुरतो. हार्ड डिस्कला हातही लावावा लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा तर पाहावाच, पण प्रोजेक्टर जोडून पाहण्यास विसरू नये. झाकण मिटून पुन्हा उघडावे, यंत्र नीट जागे होते का ते कळेल. आणि अर्धा-पाऊण तास एखादी चित्रफीत चालवून पंख्याकडे लक्ष द्यावे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथे ही चाचणी चैनीची नव्हे. झोप, जाग, तापमान हा कारभार १९९६ मध्ये आलेल्या एसीपीआय या मानकानुसार चालतो. त्याच्या सारण्या निर्माते बहुधा विंडोजवरच तपासून पाहतात. म्हणून यंत्राने ‘तू विंडोज आहेस का?’ असे विचारले, तर लिनक्स चक्क ‘हो’ म्हणते! प्रामाणिकपणाने ‘नाही’ म्हटले, तर न तपासलेला मार्ग वाट्याला येण्याची भीती असते.

प्रोसेसर ३२ बिटांचा की ६४, हे मात्र या सर्वांआधी पाहावे. ज्या ३८६ वर लिनक्स जन्मली, त्याचाच आधार फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ बरोबर ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी बसवण्याची प्रतच दिलेली नाही. त्यांच्यासाठी आधीची आवृत्ती किंवा दुसरी एखादी हलकी प्रणाली शोधावी लागते.