देवालयाच्या चौकातील संगीत आणि विनोद

तुळशीविवाह आटोपला, भाताची मळणी उरकली की गोमंतकात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि तो थेट वैशाखापर्यंत चालतो. कवळे येथील श्रीशांतादुर्गेची जत्रा माघ शुद्ध पक्षात, मंगेशीची माघी पौर्णिमेस, असे प्रत्येक देवस्थानचे दिवस ठरलेले आहेत. पालखी देवळात परतली, आरती झाली, तीर्थप्रसाद वाटला गेला की रात्री चौकातील मांडवात नाटक व्हावयाचे, हा क्रम महाजन कुटुंबांस सांगावयास नको. एका रात्री संगीत नाटक आणि दुसऱ्या रात्री हास्यरसप्रधान नाटक अशी जोडी अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. या परंपरेचा अभिमान आपण सर्वच बाळगतो. मात्र ती कोणाच्या पुण्याईवर उभी राहिली, याचा विचार तितक्या बारकाईने झालेला नाही.

देवाच्या दारी विनोद कसा आला, असा प्रश्न एखाद्या परक्यास पडेल. गोमंतकात तो मुळापासूनच होता. जत्रेनंतरचा काला, दशावतार, जागर, रणमाले हे प्रकार संगीत नाटकाच्या कितीतरी आधीचे आहेत. दशावतारी खेळाच्या पूर्वरंगात वेद चोरणारा शंकासुर येतो. तो असुर खरा, परंतु त्याची आणि माधवी भटजींची जुंपली की लहानथोर सारे पोट धरून हसतात. मत्स्यावताराची कथा आणि ही थट्टा एकाच मांडवात, एकाच समईच्या साक्षीने चालत असे. भक्तिभावास त्यामुळे बाध येतो असे कोणास वाटले नाही. पुढे नव्या नाटकांतील विनोदास देवळात जागा मिळाली, तिचे मूळ येथे आहे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८४३ साली जन्मलेले अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि १८८२ साली ‘संगीत सौभद्र’. सौभद्राचे कथानक महाभारतातील. परंतु यतिवेष धारण केलेला अर्जुन, त्याच्या पायी लीन होणारा भोळा बलराम आणि सारे जाणून मौन पाळणारा श्रीकृष्ण यांमुळे ते नाटक आरंभापासून अखेरपर्यंत प्रसन्न विनोदाने भरलेले आहे. पुराणकथा, रागदारी आणि हास्य या तिन्हींचा असा मेळ बसल्यावर देवालयाच्या चौकास त्याहून अधिक सोयीचे नाटक कोणते असणार? घाट उतरून ही नाटके गोमंतकात आली आणि येथील हौशी मंडळींनी ती आपलीशी केली. पाठोपाठ देवलांचे ‘शारदा’ (१८९९), खाडिलकरांचे ‘मानापमान’ (१९११) आणि गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ (१९१९) ही नाटकेही आली.

उत्सवी नाटकाची रीत व्यावसायिक मंडळ्यांहून निराळी. नाटकाचे पुस्तक मुंबई-पुण्याहून मागवावयाचे, त्यावरून प्रत्येकाच्या भूमिकेची नक्कल हाताने उतरून घ्यावयाची आणि दिवसाचा कामधंदा सांभाळून रात्री अग्रशाळेत तालमी करावयाच्या. कोणी शेणवी, कोणी भट, कोणी दुकानदार, कोणी सरकारी कचेरीतील लेखनिक. रंग लागला की सारे पात्र. दरबार, रस्ता आणि अरण्य असे रंगविलेले पडदे पुष्कळ नाटकांस पुरत. स्त्रीभूमिका मिसरूड न फुटलेल्या मुलांकडे जात आणि गावाबाहेर नोकरीस गेलेला एखादा नट तेवढ्यासाठी रजा काढून येत असे. घरात कोकणी बोलणाऱ्या या मंडळींस शुद्ध मराठी उच्चारांचे वळण पोथी आणि कीर्तन यांच्याइतकेच नाटकाने लावले. विनोदी नाटकात तर त्याची कसोटीच असे. गाण्यात एखादा शब्द चुकला तर सूर सांभाळून नेतो. विनोदी वाक्य अडखळले तर हशा गेलाच म्हणून समजावे.

आता सुरांविषयी. नाट्यपदे म्हणावयाची तर रागाचे ज्ञान हवे, तालाची जाण हवी, आणि ती शिकविणारा कोणी हवा. महाजनांच्या घरांत ही विद्या क्वचितच होती. ती होती देवळाच्या सेवेतील कलावंत घराण्यांत. त्या घरांतील स्त्रिया देवापुढे गात आणि नाचत, पुरुष तबला, मृदंग आणि सारंगी वाजवीत. पदांच्या चाली बसवून देणारे, पेटीवर साथ करणारे, चुकलेल्या नटास ठेक्यावर आणणारे बहुधा याच समाजातील असत. पोर्तुगीज राजवटीत १८८६ साली देवस्थानांची नियमावली झाली आणि १९३३ साली तिच्या जागी नवा कायदा आला. महाजन कोण आणि सेवेकरी कोण, यांतील भेद त्या व्यवस्थेने कागदावर पक्का केला. विद्या ज्यांच्याजवळ होती ते सेवेकऱ्यांत मोडत. देवस्थानच्या कारभारात त्यांस आवाज नव्हता.

या संदर्भात देवलांचे ‘संशयकल्लोळ’ हे नाटक विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने संगीत स्वरूपात रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाचे मूळ फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या एका प्रहसनात असून ते इंग्रजी रूपांतराच्या वाटेने मराठीत आले. पणजीच्या लिसेवमध्ये फ्रेंच शिकलेल्या तरुणास पाठ्यपुस्तकातला मोलिएर असा पगडी-उपरण्यात, गावच्या देवळासमोर भेटत असे. फाल्गुनराव आणि कृत्तिका या नवराबायकोंचा परस्परांवरील संशय पाहून मांडव हसत असे. परंतु या नाटकाची नायिका रेवती ही मघा नायकिणीची मुलगी आहे आणि अश्विनशेठ तिच्याशी रीतसर लग्न करू इच्छितो, ही गोष्ट विनोदाच्या ओघात सहज नजरेआड होते. रेवतीची भूमिका महाजनाचा मुलगा लुगडे नेसून करी. तिच्या पदांचे शिक्षण त्याने ज्या घराण्यांकडून घेतलेले असे, त्या घरच्या मुलींस रेवतीचा मान प्रत्यक्षात मिळत नव्हता. रंगमंचावर ज्या विवाहास टाळ्या पडल्या, त्यास गावात संमती मिळण्यास बराच काळ जावा लागला. राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्या सुधारकांनी याच समाजातून उठून देवदासीपणाच्या रूढीविरुद्ध आवाज उठविला आणि तो समाज पुढे गोमंतक मराठा समाज या नावाने संघटित झाला. हे परिवर्तन त्यांनी स्वतः घडविले, देवस्थानांनी नव्हे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

१९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंस समान नागरिकत्व लाभले. तेव्हापासून वाचनालये, मराठी शाळा आणि नाट्यमंडळे यांस बहर आला. पुढे सालाझारच्या अमदानीत छापील मजकुरावर आणि सभांवर कडक नजर राहू लागली. नाटकांसही अधिकाऱ्यांची पूर्वसंमती लागे. अशा दिवसांत सारा गाव एकत्र बसून मराठी ऐकू शकेल अशी जागा म्हणजे देवळाचा मांडव. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला, तोपर्यंत भाषेचा हा धागा तुटला नाही, यात उत्सवी नाटकांचा वाटा मोठा आहे.

या चौकांनी महाराष्ट्रास काय दिले, हे सर्वश्रुत आहे. मंगेशी येथे १९०० साली जन्मलेल्या मास्टर दीनानाथांचे वडील देवळातील अभिषेकी आणि आई येसूबाई कलावंत घराण्यातील. १९१८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी स्थापन केली आणि ‘भावबंधन’ या विनोदप्रधान नाटकातील त्यांची लतिका गाजली. बांदिवडे येथे जन्मलेल्या ज्योत्स्ना भोळे यांनी १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात भूमिका करून स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्या या विचारास बळ दिले. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेल्या गोवा हिंदु असोसिएशनने १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९६६ साली ‘लेकुरे उदंड जाली’ ही वसंत कानेटकरांची नाटके सादर केली. पहिले गंभीर, दुसरे विनोदी. दोन्हींचे संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. जत्रेच्या दोन रात्रींची जुनी जोडी मुंबईच्या रंगमंचावर या रूपाने पुन्हा दिसली, असे म्हणावयास हरकत नाही.

आजही गोमंतकातील देवळांत जत्रेचे नाटक होते. स्त्रीभूमिका स्त्रियाच करतात, समईची आणि गॅसबत्तीची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली आहे. तथापि जुन्या नाटकांच्या स्मृती विरळ होत चालल्या आहेत. स्मरणग्रंथ निघतात तेव्हा देणगीदारांची आणि प्रमुख नटांची नावे छापली जातात. पेटी, तबला आणि सारंगी धरून रात्र रात्र बसलेल्यांची नावे मात्र राहून जातात. ज्या घरांत जुन्या जाहिराती, हस्तलिखित नकला किंवा छायाचित्रे असतील त्यांनी ती देवस्थानच्या कचेरीत आणून द्यावीत, आणि छायाचित्राच्या कडेला बसलेला वादक कोण हे सांगणारी वृद्ध माणसे हयात आहेत तोवर त्यांस विचारून नाव लिहून ठेवावे. त्या नावांवाचून महाजनांचा इतिहासही अपुराच राहील.