तीर्थोपाध्यायापासून टूर कंपनीपर्यंत

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांपाशी घाटावरच्या मंडळींची रांग दिसते. ही मंडळी तारकर्लीस उतरतात, सोलकढी पितात, दोन दिवस राहून परत जातात. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पाहुण्यांची ऊठबस हा आता येथील कित्येक घरांचा चरितार्थच आहे. पण पावसाळा लागून होड्या वर ओढून घेतल्या की त्याच घरांतून निराळी गजाल ऐकू येते. दुबई की थायलंड? सहा दिवस की आठ? आणि 'सगळे धरून' किती? वर्षभर पाहुण्यांना वाढणारा माणूस एकदा स्वतः पाहुणा होऊ पाहतो, ह्यात नवल ते काय? मात्र हे 'सगळे धरून' मूळचे कोठले, हे पाहिल्यास निवड करतेवेळी उपयोग होईल, असे आम्हांस वाटते.

आमच्या वाडवडिलांच्या प्रवासात काहीच धरलेले नसे. मुंबईची आगबोट दूर समुद्रात उभी राहावयाची. होडीतून हेलकावे खात तिच्यापर्यंत जावयाचे, डेकवर वळकटी पसरून जागा धरावयाची आणि घरच्या शिदोरीची गाठ सोडावयाची. तिकीट केवळ पाण्यावरून नेण्याचे होते. त्याही मागे गेलो तर वरसईचे विष्णुभट गोडसे भेटतात. घरचे दारिद्र्य फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून ते 1857 साली चुलत्यांबरोबर उत्तरेस निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झांशीच्या लुटीत हातचे गेले. तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 साली छापला गेला. त्या प्रवासाची जबाबदारी घेणारा त्यांच्या स्वतःखेरीज कोणीही नव्हता.

तथापि जबाबदारी घेणारा माणूस आपल्याकडे अगदीच अपरिचित होता असे नाही. काशी, गया, नाशिक येथील तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या वह्या ठेवीत. गाव आणि आडनाव सांगितले की पणजोबांचे नाव निघे. मग उतरावयाची जागा, जेवण, श्राद्धविधी ह्या सर्वांची व्यवस्था तोच लावून देई. सर्व समाविष्ट सहलीचा हा आपला जुना अवतार म्हटला तरी चालेल. दक्षिणेचा आकडा तेवढा शेवटी कळे! आजच्या छापील पत्रकातही काही आकडे शेवटीच कळतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

विलायतेत ह्या धंद्याला वळण दिले ते टॉमस कुक ह्या मद्यपाननिषेधाच्या प्रचारकाने. 5 जुलै 1841 रोजी त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे 500 माणसे एकेका शिलिंगात आगगाडीने नेऊन परत आणली. पुढे 1868 मध्ये त्याने हॉटेलची कुपने काढली. 1881 मध्ये त्या कंपनीचे कार्यालय मुंबईसही आले. 1950 साली जेरार ब्लिट्झ ह्या बेल्जियन गृहस्थाने माजोर्का बेटावर तंबू ठोकून 'क्लब मेडिटेरानी' सुरू केला, तेव्हा कल्पना आणखी पुढे गेली. राहणे, जेवण, खेळ ह्यांचे पैसे एकदाच द्यावयाचे. वरच्या पेयपानासाठी पुढे नाण्यांऐवजी मणी आले. पैसे नजरेआड केले की ते खर्च होत आहेत हेही माणूस विसरतो. ह्या युक्तीचे आम्हांस कौतुक वाटते, आणि थोडी भीतीही.

आपल्याकडे परदेशाची वाट इतकी सरळ नव्हती. समुद्र ओलांडणे हे पातक. म्हणून आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेस जाण्यापूर्वी, फेब्रुवारी 1883 मध्ये, श्रीरामपूर येथे भर सभेत आपण का जात आहो हे सांगावे लागले. पुढे धर्माचा अडसर सैल झाला, तो सरकारचा आला. पासपोर्ट देणे न देणे हे 1967 पर्यंत सरकारच्या मर्जीवर होते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला व पासपोर्टचा कायदा झाला. परकीय चलनाची दोरी त्यानंतरही बरीच वर्षे आवळलेलीच होती. शिक्षकी पेशातून आलेल्या केसरीभाऊ पाटील यांनी 1984 साली स्वतःची सहलसंस्था काढली. मराठी माणसाला मराठी बोलणारा सहलप्रमुख आणि ताटात आपले जेवण मिळाले, तर तो युरोपातही निर्धास्त हिंडतो, हे अशा मराठी सहलसंस्थांनी ओळखले.

पण निर्धास्तपणा कोणाच्या भरवशावर? सप्टेंबर 2019 मध्ये कुकची ती ब्रिटिश कंपनी बुडाली. (हिंदुस्थानातील त्याच नावाची कंपनी 2012 पासूनच निराळी होती, ती बुडाली नाही.) दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशी अडकले. ट्युनिशियातील एका हॉटेलाने तर 'कंपनीकडून आमचे पैसे आले नाहीत' म्हणून पाहुण्यांना बाहेर पडू दिले नाही, असे त्या पाहुण्यांनी सांगितले. त्यांनी सगळे पैसे आगाऊ भरले होते. ते हॉटेलापर्यंत पोचले नव्हते इतकेच. ब्रिटनमध्ये अशा प्रसंगासाठी प्रवासनिधीची योजना असल्यामुळे सरकारने विमाने पाठवून त्यांना परत आणले. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे खरा. परंतु तो घरी परतल्यावर दाद मागण्याचा. म्हणून पत्रकावरील बर्फाचे डोंगर बाजूला ठेवून पावती कोणाच्या नावाने आहे, व्हिसा नाकारला तर किती परत मिळणार, विमा कोणता, आणि 'ऐच्छिक' म्हणून बारीक टायपात काय काय बाहेर ठेवले आहे, हे आधी वाचावे. पासपोर्टाची मुदत परतल्यानंतर सहा महिने तरी शिल्लक असावी, असा बऱ्याच देशांचा नियम आहे.

राहता राहिली तारीख. आणि येथे आमच्या किनाऱ्याची खरी अडचण आहे. किल्ल्याच्या होड्या बंद असतात त्या पावसाळ्यात आपल्याला सवड. पण चतुर्थीला चाकरमानी घरी येणार, तेव्हा गणपती सोडून बँकॉकला कोण जाणार? हिवाळ्यात जावे तर पाहुण्यांची गर्दी. बरे, आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधून पुढे जाऊ म्हणावे, तर तिची तिथी पंचांगात नसते. देवीचा कौल मिळाल्यावर ती ठरते. कंपनीला मात्र तारीख महिनोन्‌महिने आधी हवी. तेव्हा आरक्षणाच्या कागदावर सही करण्यापूर्वी रद्द करण्याचे कलम कौल येईपर्यंत आपल्याला किती सवलत देते, ते मसुरे गावच्या माणसाने दोनदा वाचून घ्यावे.