होडी गळतेय? धरणाचं पाणी उतरलं की घरच्या घरी अशी करा दुरुस्ती

हिंगोली जिल्ह्यात समुद्र नाही, पण पाण्यावर पोट असणारी घरं बरीच आहेत. पैनगंगेवरचं ईसापूर, पूर्णेवरचं सिद्धेश्वर आणि सेनगावच्या बाजूने येलदरीचा फुगवटा, या तिन्ही पाण्यांत लहान होड्या आणि तराफे टाकून मासेमारी चालते. कोणाची होडी लाकडी, कोणाची पत्र्याची, कोणाची फायबरची. एप्रिल-मे महिन्यात पाणी मागे सरकतं आणि होडी काठावर ओढता येते. दुरुस्तीची वेळ हीच. पाऊस सुरू झाला की ओल्या होडीला ना डांबर धरतं, ना रंग.

गळती कुठं आहे ते आधी शोधा

होडी दोन लाकडी ओंडक्यांवर सपाट ठेवा. आत चार बोटं पाणी भरा आणि खालून बघत राहा. जिथं थेंब दिसेल तिथं खडूची खूण करा. होडी काठोकाठ भरू नका. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद होडीत चार इंच पाणी म्हणजे जवळपास 280 किलो वजन होतं. एवढ्या वजनानं जुनी होडी मधूनच वाकते. खुणा झाल्या की पाणी काढा आणि होडी दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या.

लाकडी होडी

उन्हात फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. फटीतलं जुनं डांबर आणि कुजका कापूस खरवडून काढा. कापसाची सैलसर वात पिळून फटीत बसवा, पण ठोकून ठोकून गच्च भरू नका. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगतं. फट आधीच गच्च असेल तर फळी खिळ्यांतून सुटते. वातीवर डांबर किंवा खडूची भुकटी आणि उकळलेलं जवसाचं तेल मळून केलेलं लुकण दाबून भरा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डांबर उघड्यावर आणि मंद आचेवर गरम करा. त्यात पाण्याचा थेंब गेला तर ते फसफसून अंगावर उडतं. पेटलं तर पाणी टाकायचं नाही, माती किंवा वाळू टाकायची. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक पसरून वाळवा. काम झाल्यावर होडी सावलीत ठेवून तिच्यावर ओली पोती टाकली तर सांधे पुन्हा उघडत नाहीत.

पत्र्याची होडी

गंज तारेच्या ब्रशने आणि कानशीनं चकचकीत होईपर्यंत घासा. पत्रा दाबल्यावर आत जात असेल तर तेवढा भाग कापून नवा तुकडा लावावा लागेल, नुसत्या रंगानं भागत नाही. बारीक भोकात नट-बोल्ट टाका आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या ट्यूबच्या रबराचं वॉशर घाला. सैल रिबीट बाहेरून जड हातोडा टेकवून आतून ठोकली की घट्ट बसते. शेवटी रेड ऑक्साईडचा एक आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. जस्ताच्या पत्र्याला वेल्डिंग करायचं असेल तर त्या जागेचं जस्त आधी घासून काढा आणि काम उघड्यावर करा. त्याच्या धुरानं थंडी-ताप येतो.

फायबरची होडी

एम-सील केसाएवढ्या फटीला चार दिवस चालतं, मोठ्या भेगेला नाही. भेगेच्या चारही बाजूंनी तीन इंच जागा घासून उतरती करा. काचेच्या मॅटचे तीन तुकडे कापा, पहिला लहान आणि पुढचा प्रत्येक त्याहून मोठा. एक किलो रेझिनला 10 ते 20 मिली हार्डनर लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात 10 मिलीच्या जवळ राहा आणि सकाळी लवकर काम करा, नाहीतर रेझिन डब्यातच दगड होतं. एका वेळी वाटीभरच कालवा.

धोक्याची सूचना : दुकानदारानं जांभळं कोबाल्ट वेगळ्या बाटलीत दिलं असेल तर ते हार्डनरमध्ये थेट कधीच ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर त्यानंतर टाका. हातमोजे आणि चष्मा पाहिजेच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

होडी बुडू नये म्हणून रिकामे कॅन

पाणी भरलं तरी लाकडी होडी बहुधा तरंगत राहते. पत्र्याची आणि फायबरची तळाला जाते. म्हणून गळती काढण्याइतकंच हे काम मोलाचं आहे. घट्ट झाकणाचा 20 लिटरचा रिकामा कॅन पाण्यात सुमारे 19 किलो वजन उचलून धरतो. हिशेब असा :

- 100 किलोची लोखंडी पत्र्याची होडी : किमान 5 कॅन
- 100 किलोची फायबरची होडी : किमान 2 कॅन
- माणसांना धरून राहता यावं म्हणून : आणखी 2 कॅन

कॅन पुढच्या आणि मागच्या फळीखाली, दोन्ही बाजूंना सारखे वाटून बांधा. पाण्यात ते वर उसळी मारतात, म्हणून पट्टा वरून आवळलेला पाहिजे. थर्माकोल वापरत असाल तर त्यावर फायबरचं रेझिन किंवा पेट्रोल पडू देऊ नका, तो जागीच विरघळतो.

कमी खर्चाच्या सुधारणा

- काठावरून एक वीत खाली लाल पट्टा रंगवा. माणसं आणि जाळं चढल्यावर पाणी पट्ट्याच्या वर आलं तर ओझं कमी करा. ईसापूरच्या मोकळ्या पाण्यात वारा सुटला की लाट तेवढी उठते.
- बाहेरून चारही बाजूंनी दोर बांधा. पाण्यात पडलेल्याला पकडायला तोच कामी येतो.
- तळाला दगड लागतात तिथं उभा चिरलेला पीव्हीसी पाइप लांबीनं बसवा. पाइप झिजतो, तळ वाचतो.
- पाणी उपसायला डबा दोरीनं होडीलाच बांधून ठेवा.

लाइफ जॅकेट होडीत ठेवून उपयोग नाही, ते अंगात पाहिजे.

विम्याचं बघा

2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छिमारांसाठी अपघात विम्याची तरतूद आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख आणि दवाखान्याच्या खर्चाला 25 हजार रुपये. हप्ता मच्छिमाराला भरावा लागत नाही, मात्र नोंदणी पाहिजे. आपलं नाव यादीत आहे का, हे आपल्या मच्छिमार सहकारी संस्थेच्या सचिवाला किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

दुरुस्त केलेली होडी पहिल्यांदा काठालगत, कंबरभर पाण्यात एक तास सोडून बघा. तळ कोरडा राहिला तरच जाळं भरा.