किहीमची सुगरण आणि घरबसलें रान



पावसाळा लागला म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर पूर्वीं प्रवासाची गोष्टच मिटत असे. मुंबईच्या बोटी बंद पडत, खाड्यांना उधाण येई, डोंगरवाटा निसरड्या होत. अशा वेळीं रानाचा आनंद घरबसल्या कसा घ्यावा, याचें उत्तर याच किनाऱ्याच्या इतिहासांत सांपडतें.

१८८३ सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा यांविषयींचा खंड निघाला. त्याच वर्षीं मुंबईस 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन झाली. गॅझेटियर सरकारी कामासाठीं लिहिलेलें. त्यांत रानाची मोजदाद आहे, सहवास नाहीं. तो सहवास लेखणीनें घडविणारा मनुष्य १९३० सालीं किहीमास येऊन राहिला. सलीम अली जर्मनींतून पक्षिशास्त्र शिकून परतले, तों मुंबईच्या संग्रहालयांतील त्यांची जागा पैशाअभावीं रद्द झालेली. हातीं नोकरी नव्हती, पण दारापुढें सुगरण पक्ष्यांची वसाहत होती.

महिनोन्‌महिने त्यांनीं ती न्याहाळली. नांव सुगरणीचें, पण घरटें विणतो तो नर! घरटें अर्धें झालें म्हणजे मादी येऊन तें पारखते. पसंत पडल्यास ती तेथें बिऱ्हाड करते. नर उरलेलें काम पुरें करतो आणि दुसऱ्या मादीसाठीं नवें घरटें आरंभितो. ही लगबग ऐन पावसाळ्यांत चालते. म्हणजे पावसानें कोंडलेल्या वाचकाला बाहेर त्याच घटकेस काय घडत आहे, तें या लेखनानें घरांत आणून दिलें.

१९४१ सालीं सलीम अलींचें 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' प्रसिद्ध झालें. पावसापेक्षांही कठोर बंधनांत असलेल्या एका वाचकानें, डेहराडूनच्या तुरुंगांतून पंडित नेहरूंनीं, तें आपल्या कन्येस पाठविलें. त्यानें आपले डोळे उघडले, असें इंदिरा गांधींनीं पुढें स्वतःच नमूद केलें आहे. त्या पंतप्रधान असतां, १९७२ सालीं, वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. एका पुस्तकानें कायदा घडला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण पुस्तकानें लाविलेली गोडी किती दूर पोंचते, हें त्यावरून दिसतें.

जंजिऱ्याच्या नबाबांचें जें शिकारीचें रान, तें फणसाड १९८६ सालीं अभयारण्य झालें. तेथील पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. उंच झाडांवर शेकरू वावरतो. वार्धक्य, आजार किंवा रिकामा खिसा यांमुळें पुष्कळांना तें कधींच पाहतां येणार नाहीं. तरीही रानाचें रक्षण या न पाहणारांच्या आस्थेवरही अवलंबून आहे. कारण मूठभर प्रवाशांच्या हौसेवर जंगलें टिकत नाहींत. ज्यांना बाहेर पडतां येत नाहीं, त्यांनीं पक्ष्यांचें एक पुस्तक खिडकीपाशीं ठेवावें आणि समोरच्या माडावर जो पक्षी बसेल, त्याच्यापासून वाचनास आरंभ करावा.