नाव घरी आले

ऑगस्ट २०२२ मधील गोष्ट. सियाचेनच्या बर्फात, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर, एका जुन्या बंकरमध्ये भारतीय सैनिकांना एका जवानाचे अवशेष आढळले. चेहऱ्यावरून ओळख पटण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र अवशेषांसोबत धातूचा एक लहानसा बिल्ला होता आणि त्यावर लष्करी क्रमांक कोरलेला होता. तो क्रमांक जुन्या नोंदींशी ताडून पाहिला तेव्हा नाव मिळाले : लान्स नायक चंद्रशेखर हरबोला, १९ कुमाऊँ रेजिमेंट. २९ मे १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’च्या काळात हिमलोट कोसळून ते बेपत्ता झाले होते. त्या वेळी घरी तरुण पत्नी आणि दोन लहान मुली होत्या. अडतीस वर्षांनी त्यांचा देह हल्द्वानीला घरी आला आणि लष्करी इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

ही वार्ता वाचली तेव्हा आमच्या मनात पहिला विचार आला तो त्या अडतीस वर्षांचा. पती गेल्याचे कळलेले, परंतु निरोप देता आलेला नाही, अशा अवस्थेत एका स्त्रीने आपले अर्धे आयुष्य काढले. तिची ती प्रतीक्षा संपविली ती मुठीत मावेल एवढ्या बिल्ल्याने. या छोट्या वस्तूचा इतिहास म्हणूनच जाणून घेण्यासारखा आहे.

रणांगणावर पडलेल्या सामान्य शिपायाचे नाव जपले पाहिजे, ही कल्पना तशी फार जुनी नाही. शतकानुशतके सेनापतींचे पुतळे उभे राहिले आणि शिपाई सामुदायिक खड्ड्यांत पुरले गेले. ब्रिटिश सैन्यात विसाव्या शतकाच्या आरंभी ॲल्युमिनियमचा गोल बिल्ला आला. पहिल्या महायुद्धात त्यातील उणीव लक्षात आली. मृत्यूची नोंद करण्यासाठी बिल्ला काढून नेला, की मागे राहिलेला देह निनावी होई. म्हणून १९१६ साली दोन बिल्ल्यांची पद्धत सुरू झाली. लाल बिल्ला नोंदीसाठी काढून घ्यावयाचा आणि हिरवा देहासोबतच राहू द्यावयाचा. त्यांवर क्रमांक, नाव, पलटण यांबरोबर धर्मही नोंदविलेला असे. कॅथलिक सैनिकाच्या बिल्ल्यावर ‘आर. सी.’ ही अक्षरे असत, ती कोणत्या विधीने मूठमाती द्यावी हे समजावे म्हणून. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बिल्ल्यांवर याच कारणासाठी कॅथलिकांकरिता ‘सी’ हे अक्षर असे. आणि युद्धाच्या पूर्वार्धातील बिल्ल्यांवर तर जवळच्या नातलगाचे नाव व पत्ताही असे. जणू पाठविण्याचे ठिकाण लिहून ठेवलेले पत्रच!

परंतु ब्रिटिशांचे ते लाल-हिरवे बिल्ले दाबलेल्या तंतूंचे होते. ओल्या मातीत ते कुजून गेले आणि हजारो नावे त्यांच्यासोबत गेली. २०१६ साली फ्रान्समध्ये रिशबूर्ग येथे खोदकाम चालू असता दोन हिंदी सैनिकांचे अवशेष सापडले. खांद्यावरील धातूच्या चिन्हात ‘३९’ हा आकडा होता. त्यावरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे, एवढे निश्चित झाले. त्यांची नावे मात्र कळली नाहीत. पुढील वर्षी लाव्हांती येथील लष्करी दफनभूमीत त्यांना सन्मानाने ठेवण्यात आले. पलटण सापडली, घर सापडले नाही.

मुंबईत जन्मलेल्या एका पित्याची कथाही येथे आठवते. रडयार्ड किपलिंग यांचा एकुलता मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला. पित्याने पुष्कळ शोध केला, पण त्याच्या हयातीत कबर सापडली नाही. १९१७ साली युद्धातील मृतांच्या कबरींसाठी जो आयोग स्थापन झाला, त्याच्या कार्यात किपलिंग सहभागी झाले. स्मरणशिलेवर कोरावयाचे वचन त्यांनीच सुचविले. मृतांचे नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, अशा आशयाचे ते वचन सिराखच्या ग्रंथातील आहे. हा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या कबरीवर, हा केवळ देवाला ठाऊक आहे, अशा अर्थाचे शब्द कोरावेत, हेही त्यांनीच सुचविले. आपल्या मुलाला निनावी गमावलेल्या पित्याचे ते शब्द होत. १९९२ साली आयोगाने एक अनामिक कबर जॉनची असल्याचे ठरविले. तोपर्यंत किपलिंगना जाऊन छप्पन वर्षे झाली होती.

या आयोगाने सर्वांना समान सन्मान देण्याचे तत्त्व स्वीकारले होते खरे, परंतु ते सर्वत्र पाळले गेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत, विशेषतः कुतच्या वेढ्यात, आपल्या मराठा पलटणींनी अपार हाल सोसले. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे आली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच कोरली गेली. २०२१ साली आयोगाने स्वतःच्या अहवालात अशा असमानतेची कबुली देऊन क्षमा मागितली. आपल्याकडील कित्येक गावांतही महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आढळतात. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच त्यांवरील मजकूर. त्या पाटीपुढे उभी राहणारी आई कोणत्या आकड्यावर हात फिरवीत असेल?

आमची नवी मुंबई ही १९७० नंतर सिडकोने जुन्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गावांच्या जमिनीवर वसविलेली नगरी. मूळचे आगरी-कोळी बांधव सोडले, तर येथील बहुतेक घरे कुठल्यातरी गावाहून आलेली. कोपरखैरणे-घणसोलीतील माथाडी कुटुंबांपैकी कित्येक साताऱ्याकडची. त्याच साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि ‘मिलिटरी’ हा शब्द त्या गावाच्या नावालाच जोडला गेला. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की माणगाव लागते. त्या तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, अवघ्या बाविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. तुकडीतील बाकी सारे ठार वा घायाळ झाले असता त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु त्यांची कबर नाही. कसिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा चार हजारांहून अधिक जणांत, त्यांचे नाव आहे. २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावी त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले. देह परतला नाही. परक्या गावाने नाव मात्र जपले.

आणखी एक उदाहरण. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगढहून लेहकडे निघालेले वायुसेनेचे विमान १०२ जणांसह रोहतांगच्या परिसरात हरवले. २०२४ च्या सप्टेंबरअखेर हिमनदीतून चार देह मिळाले. त्यांपैकी एक केरळमधील इलंथूरचा तरुण सैनिक थॉमस चेरियन. जवळ सापडलेल्या कागदपत्रांवरून त्याची ओळख पटली. छप्पन वर्षांनी गावच्या चर्चमध्ये त्याला मूठमाती मिळाली. आईवडील तोवर देवाघरी गेले होते. भावंडांनी निरोप दिला.

वाचकहो, या साऱ्यातून आपण काय घ्यावे? गावाकडच्या पेटीत, भंगाराच्या ढिगात किंवा जुन्या बाजारात असा एखादा बिल्ला, एखादे पदक कधी दृष्टीस पडते. ते चकचकीत करण्यासाठी घासू नये. घासताना अक्षरेच झिजतात. ते कोठे व कसे मिळाले हे लिहून ठेवावे, छायाचित्र काढावे, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे किंवा त्या पलटणीच्या केंद्राकडे कळवावे. मराठा पलटणीचे केंद्र बेळगावात आहे. लष्करी क्रमांक हा सर्वांत मोलाचा दुवा, कारण एका नावाची माणसे अनेक असतात, क्रमांक एकाचाच असतो.

माणूस कॅथलिक असेल, तर आपल्या धर्मग्रामांतील नोंदवह्याही साहाय्यास येतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडील आणि धर्ममातापिता यांची नावे असतात. त्याच नोंदीच्या बाजूला पुढे विवाहाचीही टीप येते. एका नावापासून निघून साऱ्या कुटुंबापर्यंत पोहोचण्याची वाट आपल्या पूर्वीच्या धर्मगुरूंनी शाईने आखून ठेवली आहे. त्या वह्या वाळवीपासून जपणे हेही मृतांवरील दयेचेच कृत्य होय.

मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक, असे आपण बालपणापासून शिकलो. जेथे देहच हाती नाही, तेथे निदान नाव घरी पोहोचविणे आपल्या हाती आहे. नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी मिस्सा अर्पण होते तेव्हा आपण आपापल्या माणसांची नावे कागदावर लिहून देतो. या वर्षी त्या कागदावर एक ओळ अधिक लिहावी : ज्यांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी.