शब्दाचा सांधा

शब्दाचा अर्थ शोधू पाहणाऱ्याने त्याचा सांधा आधी तपासणे अगत्याचे असते. इंग्रजीतील ‘न्यूट’ हा पालीसारखा दिसणारा, परंतु बेडकाप्रमाणे उभयचर असलेला प्राणी. त्याचे मूळ नाव ‘यूट’. उत्तर-मध्ययुगात ‘ॲन’ या उपपदातील ‘न’ लोकांच्या कानाने त्यास जोडून टाकला. उलट ‘नॅडर’ या सापाचा ‘न’ उपपदाने गिळला आणि ‘ॲडर’ उरला. दोन्ही ठिकाणी सांधा बुजला, तो कोणत्याही नियमावाचून.

कुंभकोणमनजीकच्या तिरुवलंचुळी या शिवक्षेत्राच्या नावाचे भाग्य निराळे. ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘वलम्’ उजवी बाजू, ‘चुळि’ भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळते, असे परंपरा सांगते. ‘च’पूर्वी ‘म्’चा ‘ञ्’ झाला, पण तो नियमाने. म्हणूनच सातव्या शतकात संबंदर व अप्पर यांनी तेवारम्‌मध्ये गायिलेले हे नाव आजही सुटे करून दाखविता येते.

मराठी लेखनात मात्र अनुस्वाराच्या एका टिंबाखाली ‘म्’ आणि ‘ञ्’ हे दोन्ही झाकले जातात. तमिळ नाव मराठीत आणणाऱ्याने ते टिंब उकलल्याखेरीज अर्थ सांगू नये. नाहीतर आपल्या हातूनही एखादा ‘न्यूट’ जन्मास यावयाचा.